सात महिने, चार हवामानं, एक सॅक: काय काढू?

चालतीबोलती

लोकहो, मदत हवी आहे. काल रात्री भरलेली सॅक वजनकाट्यावर ठेवली. १३ किलो ८०० ग्रॅम. पाठीवर घेऊन जिना उतरले, परत चढायला लागले आणि दुसऱ्या मजल्यावर बसकण मारली. वय ४३, कंबर आधीपासूनच कुरकुरणारी.

बेत असा आहे: मे ते नोव्हेंबर, दक्षिण अमेरिका, एकटीच. आधी इक्वेडोरमधलं क्विटो. मग पेरूतलं इकीतोस, म्हणजे थेट अ‍ॅमेझॉनचं जंगल. तिथून कुस्को, बोलिव्हियातलं ला पास, जुलैत उयुनीचं मिठाचं वाळवंट, मग चिलीतलं अटाकामा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाटागोनिया. म्हणजे एकीकडे घामाच्या धारा, एकीकडे कोरडी थंडी, मग रखरखाट आणि शेवटी वारा. मी पलंगावर चार ढीग केले, प्रत्येक हवामानाचा एक. चारही सॅकमध्ये बसले, हा माझ्या भरण्याच्या कौशल्याचा पुरावा; माझ्या पाठीचा नाही. मधले विमानप्रवास बरेच आहेत आणि सामान बरोबरच ठेवायचंय, म्हणून सात किलोची मर्यादा मनाशी धरली आहे.

आत काय आहे ते सांगते. हसायचं असेल तर हसा, पण उत्तर द्या. दोन जीन्स. सात टीशर्ट, त्यातले सहा सुती. एक जाड जॅकेट, एकट्याचं वजन १ किलो ४००. गुडघ्यापर्यंतचा रेनकोट. थर्मलचे दोन जोड. ट्रेकिंगचे बूट, सँडल, आणि खोलीत घालायला चपला. मोठा टॉवेल. औषधांचा डबा, ९०० ग्रॅम. लॅपटॉप नाही, पण चार्जर तीन. हेअर ड्रायर. दोन पुस्तकं आणि एक वही.

प्रत्येक वस्तू बाहेर काढायला हातात घेतली की ती विचारते, "आणि मी नसले तर?" याला मला उत्तर देता येत नाही. काय काढू? आणि ते काढल्यावर जुलैच्या रात्री उयुनीत मी काय करू?

उंटावरची_शहाणी

वाचतेय. उत्तर माहीत नाही, पण हेअर ड्रायर काढ गं बाई.

तारतम्य

हेअर ड्रायरबद्दल तांत्रिक कारणही देतो, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही. इक्वेडोरमध्ये वीज १२० व्होल्टची, पेरू आणि चिलीमध्ये २२० ची. २३० व्होल्टवर चालणारा ड्रायर क्विटोत फुंकर मारेल, केस वाळवणार नाही. फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० लिहिलेलं असतं का बघा. असेल तर त्याला सगळीकडची वीज चालते, फक्त पिन बदलावी लागते. चिलीत एका रेषेत तीन गोल भोकं, अर्जेंटिनात तिरप्या चपट्या पट्ट्या. त्यामुळे दोन तोंडांचा एकच चार्जर आणि एक अ‍ॅडॉप्टर घ्या, बाकी दोन घरी.

पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवायची. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०,००० एमएएचची बँक साधारण ३७ वॅट-तासांची असते. तेवढी पुरते. उयुनीत रात्री ती आणि फोन दोन्ही पांघरुणात घेऊन झोपा. थंडीत बॅटरी बसते, सकाळी ऐन फोटोच्या वेळी फोन मान टाकतो.

रिकामा_खिसा

चालतीबोलती, तुमचे चार ढीग बघून मला माझा पहिला प्रवास आठवला. माझे पाच होते. पाचवा "कुठे चांगल्या ठिकाणी जायची वेळ आली तर" या नावाचा.

घोटाळा ढिगांच्या संख्येत नाहीच मुळी. घोटाळा असा की हवामानं वेगवेगळ्या गावांत राहतात अशी आपली समजूत असते. तुमच्या यादीत क्विटो पहिलं आहे. ते विषुववृत्ताला चिकटून आहे म्हणून तुम्ही त्याला कदाचित उन्हाळ्याच्या ढिगात टाकलं असेल. पण ते २,८५० मीटरवर आहे. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे थंडी तुम्हाला जुलैत नाही, मे महिन्यात पहिल्याच संध्याकाळी भेटणार. पुढे कुस्को ३,४००, ला पास ३,६००, उयुनीही जवळपास तेवढंच. या सगळ्या ठिकाणी दुपारी टीशर्टवर फिराल आणि सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात होतं नव्हतं ते अंगावर चढवाल. अटाकामाला तर लोक वाळवंट म्हणून टोपी आणि सुती शर्ट घेऊन जातात, आणि एल तातिओचे गरम फवारे बघायला पहाटे ४,३०० मीटरवर नेलं की उणे तापमानात दात वाजवत उभे राहतात. मीही त्यांच्यातलाच. एकाच दिवसात तीन ऋतू असतील तर ऋतूनिहाय ढीग काय कामाचे?

ते १ किलो ४०० चं जॅकेट. माझंही होतं, दीड किलोचं. पाच महिन्यांत ते मी मोजून अकरा दिवस घातलं. बाकीचे दिवस ते मला घालून हिंडत होतं. त्याची दुसरी खोड अशी की ते एकतर अंगात असतं किंवा नसतं, मधलं काही नाही. पठारावरच्या रात्रीच्या बसमध्ये काचा बंद, हीटर चालू. मी घामानं भिजलो. काढलं तर खाली नुसता सुती टीशर्ट, तोही ओला. पहाटे तीनला बस बंद पडली आणि सगळ्यांना खाली उतरवलं. त्या ओल्या सुती टीशर्टातल्या चाळीस मिनिटांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही दुकानदारानं शिकवलं नसतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: सॅकमधले सगळे कपडे एकाच वेळी अंगावर चढले पाहिजेत. जो चढत नाही तो घरी राहतो. आज रात्री आरशासमोर उभं राहून करून बघा. टीशर्टवर टीशर्ट, त्यावर पातळ पूर्ण बाह्यांचा, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं हलकं जॅकेट, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं पातळ कवच. खाली थर्मलची विजार आणि तिच्यावर पातळ, चटकन वाळणारी पँट. एवढ्यात उयुनीची रात्र निघते. आणि यातलंच एकेक उतरवत गेलात की इकीतोस. दुसरी जीन्स पहिल्या जीन्सवर चढते का बघा. नाही ना? पहिलीही ठेवा घरी. एकेक जीन्स साडेसहाशे ग्रॅमची असते आणि दमट हवेत दोन दिवस वाळत नाही.

या नियमात एक मेख आहे. बाहेरचं कवच एक माप सैल घ्या. पिसांचं जॅकेट ऊब देतं ते पिसांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. वरून घट्ट कवच आवळलं की हवा गेली, ऊब गेली, आणि तुम्ही नुसती पिसं अंगाला बांधून हिंडताय. तीच पिसं भिजली तरी लगदा. त्यामुळे ते जॅकेट जंगलात असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचं, उघडायचंसुद्धा नाही. माझं अशा पिशवीशिवाय राहिलं आणि त्याला कुबट वास धरला. तो पाटागोनियापर्यंत माझ्या सोबत आला.

आता टीशर्ट. सातचे तीन करा. दोन मेरिनो लोकरीचे, पातळ, चौरस मीटरला दीडशे ग्रॅमचं कापड म्हणतात तसले, आणि एक कृत्रिम धाग्याचा. लोकर उन्हाळ्यात कशी, असं मलाही वाटायचं. ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ ओलेपणा न जाणवू देता पिऊन घेते आणि चार-चार दिवस वास मारत नाही. पण जाहिरातीत सांगत नाहीत ते सांगतो: कृत्रिम धाग्याच्या मानानं ती सावकाश वाळते आणि तिला भोकं लवकर पडतात. म्हणून तिसरा कृत्रिम. तो तासाभरात वाळतो आणि तासाभरात वासही मारतो. दोघांचे दोष एकमेकांना झाकतात.

रेनकोटाचं सगळ्यात उलटं आहे. इकीतोसला तुम्ही रेनकोट घालून बाहेरून कोरड्या आणि आतून चिंब व्हाल. ती "श्वास घेणारी" महागडी कापडं आतली वाफ बाहेर सोडतात खरी, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हा. जंगलात बाहेरच हवा पाण्यानं भरलेली, मग वाफ जाणार कुठे? तिथे छत्री. तिथेच घ्या आणि निघताना कुणाला तरी देऊन टाका. पाटागोनियात छत्रीचं आयुष्य पहिल्या वळणापर्यंत. तिथे डोकं झाकणारं, दोरीनं आवळता येणारं कवच हवं. ते तुमच्या थरांमध्ये आलंच आहे. त्यामुळे गुडघ्यापर्यंतचा रेनकोट दोन्हीकडे निरुपयोगी.

गरम टोपी, हातमोजे, जाड मोजे घरून नेऊ नका. कुस्को आणि ला पासमध्ये ते पावलोपावली दिसतात. थंडी लागल्यावर थंडीचं सामान घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

सुईदोरा

रिकामा_खिसा यांना अनुमोदन, पण त्यांचा नियम पुरुषानं केलेला आहे हे दुसऱ्या ओळीतच कळतं. अंतर्वस्त्रं एकावर एक चढवत नाहीत हो.

ताई, त्यांचा हिशेब वेगळा: एक अंगावर, एक दोरीवर, एक सॅकमध्ये. मी जंगलापुरतं एक जास्त ठेवते, कारण तिथे दोरीवरचं दोन दिवस दोरीवरच असतं. रोज अंघोळीबरोबर धुवायचं, साठवायचं नाही. धुतलेलं पिळून कोरड्या टॉवेलवर पसरायचं, टॉवेलची वळकटी करायची आणि तिच्यावर पाय देऊन उभं राहायचं. टॉवेल ओला होतो, कपडा निम्मा वाळतो. मोठा टॉवेल मात्र नको. पातळ, पंचासारखा घे, तोच उन्हात डोक्यावर आणि बसमध्ये पांघरायला. वाळत घालायला दोन पेडांची पिळाची दोरी ने, चिमटे लागत नाहीत, कपड्याचा कोपरा पिळात खुपसायचा.

पाळीचा कप वापरत नसशील तर आत्ताच सुरू कर, निघायच्या आठवड्यात नाही. हात बसायला दोन-तीन महिने जातात. सात महिन्यांचं पॅडचं ओझं एका मुठीएवढ्या डबीत येतं आणि ऐन वेळी गावात काही मिळेल का ही धाकधूक जाते. प्रत्येक पाळीनंतर उकळायला भांडं लागतं, ते मागायची लाज सोडायची. माझी पहिल्या महिन्यातच सुटली.

डासांच्या औषधाबद्दल एक. डीईईटी असलेलं औषध प्लॅस्टिक आणि काही कृत्रिम कापडं खातं. माझ्या घड्याळाचा पट्टा चिकट झाला आणि गॉगलच्या काडीवर माझ्या बोटांचे ठसे कायमचे उमटले. लावल्यावर हात पुसून मगच वस्तूंना हात लाव. जंगलात अंगभर पातळ पूर्ण बाह्या घातल्यास ते कमी लागतं. त्याच बाह्या वर पठारावर उन्हापासून वाचवतात. तिथे गार वारा असतो म्हणून ऊन कळत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि उयुनीचं पांढरं मीठ ती खालूनही परत फेकतं. माझ्या हनुवटीची खालची बाजू भाजली होती. हनुवटीची खालची बाजू! तिथे कोण क्रीम लावतं?

आणि साबण वडीचा घे, शाम्पूही वडीचाच. विमानात न्यायच्या १०० मिलीच्या बाटल्यांचं गणित आणि ती पारदर्शक पिशवी, बरंचसं सुटतं.

गोळीबंद

तीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा होतो, त्यामुळे ९०० ग्रॅमच्या डब्यावर मीच बोललं पाहिजे.

वजन बहुतेक खोक्यांचं, बाटल्यांचं आणि "असू दे" चं असणार. खोकी फेका, पण गोळ्या पट्टीतून काढून डबीत एकत्र करू नका. नाव आणि मुदत दिसणारी पट्टी तशीच हवी, नाहीतर सीमेवर तुमच्या गोळ्या या नुसत्या पांढऱ्या गोळ्या असतात. रोजची औषधं असतील तर पूर्ण पुरवठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी, कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावानं लिहिलेली, हातातल्या सामानात. ताप, जुलाब, ॲलर्जी यांचं आठवड्याभराचं बरोबर. त्यापुढचं तिथे मिळेल. क्षारांची पाकिटं चार. चष्मा असेल तर दुसरा चष्मा नक्की, त्याचं वजन मोजू नका. पीतज्वराची लस जंगलात जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ती घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

पण खरं सांगू का, तुमच्या यादीत मला कपड्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. इकीतोस समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटरवर. तिथे रस्त्यानं जाता येत नाही, म्हणजे निघणारही बहुधा विमानानंच. एका दिवसात १०० वरून ३,४०० मीटरवर! क्विटोत शरीराला झालेली सवय जंगलात राहिल्यावर जाते. कुस्कोला उतरलात की शक्य तर त्याच दिवशी खाली ओयांतायताम्बोकडे जा, ते २,८०० च्या आसपास आहे. दोन-तीन रात्री तिथे, मग वर. पहिले दोन दिवस सॅक घेऊन चढ नाही. उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, म्हणजे ॲसिटाझोलामाइडबद्दल, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. डोकेदुखी वाढत गेली, तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, तर बेत गेला खड्ड्यात, खाली उतरायचं.

धोपटमार्ग

सगळ्यांचा मान राखून: हे हलकेपणाचं खूळ एका हद्दीपलीकडे मला पटत नाही. मी साडेपाच किलोंत गेलो होतो. फोटो टाकले, लोकांनी वाहवा केली. मग पाटागोनियात तीन दिवस सलग आडवा पाऊस, पळायचे पातळ बूट ओले, आणि दुसरा जोड "वजन" म्हणून घरी. मी वसतिगृहात पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून बसलो आणि एका अनोळखी माणसानं मला त्याचे मोजे दिले. माझा हलकेपणा असा दुसऱ्यांच्या सॅकमधून चालला होता.

तेव्हा बूट काढू नका. पायात घालूनच विमानात बसा, म्हणजे ते काट्यावर येत नाहीत. कवचाच्या खिशात फोन, बँक, वही, सगळं कोंबता येतं. सँडल ठेवा, चपला काढा, सँडलच खोलीत घाला. मोजे लोकरीचे, तीन जोड, त्यातला एक फक्त झोपायला. तो एक जोड कितीही मोह झाला तरी चिखलात न्यायचा नाही.

रिकामा_खिसा

धोपटमार्ग, मोज्यांचं मान्य. माझ्या नियमात मोजे राहूनच गेले. (ते एकावर एक चढतात, म्हणून नियम अजून शाबूत आहे.)

आणखी एक, सॅकबद्दल. दाबून कपडे लहान करणाऱ्या पिशव्या आणू नका. त्यांनी आकार घटतो, वजन तेवढंच राहतं, आणि जागा उरली की माणूस ती भरतो. ४० लिटरपेक्षा मोठी सॅक घेऊच नका. आणि ती मापाची असू द्या: मान खाली वाकवल्यावर जे टोकदार हाड लागतं तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत पाठ मोजा, सॅकची पाठ तेवढी हवी. ओझं कमरेच्या पट्ट्यावर यायला हवं, खांद्यावर नाही. तुमची कंबर कुरकुरते म्हणालात. कदाचित ती वजनाबद्दल कमी आणि पट्ट्याबद्दल जास्त कुरकुरत असेल.

चालतीबोलती

तुम्हा सगळ्यांना एकदम दंडवत. उशीर झाला कारण प्रयोग करत होते.

परवा रात्री आरशासमोर सगळं अंगावर चढवलं. पाच थर, टोपी, गॉगल. दोन्ही हात शरीराला टेकत नव्हते. लेकीनं दार उघडलं, बघितलं आणि काही न बोलता लावून घेतलं. पण कवच घट्ट होतं, खिसा म्हणाले तसंच. पिसांचं जॅकेट आत चेपून चपटं झालेलं. हे मला उयुनीत कळलं असतं. कवच बदलून आणलं.

पाठही मोजली. सॅक माझ्या भावाची, माझ्या पाठीपेक्षा चार बोटं लांब. पट्टा कमरेवर बसतच नव्हता, मांड्यांवर उतरत होता. गेले दोन महिने मी माझ्या वयाला शिव्या देत होते.

गेलं ते: दोन्ही जीन्स, जाड जॅकेट, रेनकोट, चार टीशर्ट, थर्मलचा एक जोड, चपला, मोठा टॉवेल, दोन चार्जर. औषधं २८० ग्रॅमवर आली. गोळीबंद काका, कुस्कोचं तिकीट बदललं, आधी खाली तीन रात्री. हेअर ड्रायर उंटावरच्या शहाणीच्या आग्रहाखातर गेला.

पायातले बूट आणि अंगातलं कवच सोडून काटा ७ किलो १०० दाखवतोय. अजून शंभर ग्रॅम. दोन्ही पुस्तकं काढली तर सहज खाली जाईन, ती काढतेच. प्रश्न वहीचा आहे. स्पॅनिशच्या शिकवणीची, जाड पुठ्ठ्याची, २०० पानी.

सुईदोरा

फोटो काढून फोनमध्ये ठेव आणि वही घरी ठेव. नाहीतर निदान मागची कोरी पानं फाड, बरंच वजन जाईल.

चालतीबोलती

कोरी पानंच तर न्यायची आहेत. पुठ्ठा फाडते.